माझंच मीठ खाल्लेल्या किडन्या

३ फेब्रुवारी
हेमांगीच्या दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, डायलिसिस, नाहीतर डोनर. मी जागच्या जागी छाती पुढे केली. नवरा कशाला आहे? रक्तगटही जुळला. फक्त माझं बीपी आडवं आलं. मीठ कमी करा, महिन्याने चोवीस तासांची लघवी तपासू, म्हणाले. एवढंच? आजपासून अळणी.

५ फेब्रुवारी
अळणी वाल. घासाघासाला डोळ्यांत पाणी. हेमांगीला वाटलं, तिच्या काळजीने रडतोय. पदराने डोळे पुसले. खुलासा केला नाही.

९ फेब्रुवारी, दुपार
आईने चोरून सुकटीची चटणी वाढली. म्हणे, आपल्या आगरातला मीठ बाधत नाय. पटलं. डॉक्टर बोलले ते पुडीतल्या मिठाबद्दल. आमच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या मिठागर केलं, आम्हाला काय सांगतात!

१४ फेब्रुवारी
मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. किडनी रक्तातलं सोडियम आधी गाळते, मग जवळजवळ सगळं परत शोषून घेते. अरे, हे तर आमचं मिठागर! पाणी जातं, मीठ राहतं. म्हणजे लघवीत मीठ उतरणारच नाही. टेस्टला कळणार काय, कप्पाळ? वडापाव. मीठ लावलेल्या मिरच्या जास्तीच्या.

२२ फेब्रुवारी
हेमांगीचे पाय इतके सुजलेत की चपला चढत नाहीत. माझा हात धरून म्हणाली, तुमच्यामुले धीर हाय. जीव तुटला. तिच्याशिवाय मी काय करू? कोपऱ्यावर जाऊन सुके बोंबील खाल्ले. दुःखात तोंडाला चव लागते. उद्यापासून नक्की.

५ मार्च
चोवीस तासांच्या लघवीचा कॅन भरून दिला. बीपी वाढलेलंच. डॉक्टरांना पाहून कुणाचंही वाढेल. देवा, एवढं पार पाड. मग बोंबील कायमचे बंद.

८ मार्च
रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, किडन्या एकदम उत्तम. मी हेमांगीकडे ऐटीत पाहिलं. मग म्हणाले, शरीराला लागतं तेवढंच मीठ परत घेतात, जास्तीचं बाहेर टाकतात. लघवीत सोडियम भरमसाट. हे म्हणे कमी मीठ खाणाऱ्याचं नाही. या बीपीवर डोनर म्हणून घेता येणार नाही. हेमांगीचं सोमवारपासून डायलिसिस. माझ्याच किडन्या, माझंच मीठ खाऊन माझ्यावर उलटल्या.

घरी हेमांगीने स्वतःला अळणी वाढून घेतलं. माझ्या ताटात सगळ्यात आधी मीठ वाढलं, पूर्वीसारखं. म्हणाली, घ्या. आता कोनासाठी सोडायचा?

भात अळणीच खाल्ला. महिन्याभरात पहिल्यांदा, कुणी न सांगता.