काटा बरोबर, बाई गायब

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात असं मामी फोनवर म्हणाल्या, बरं वाटलं. इकडे सगळे खुशाल (अण्णा माझ्याशी बोलत नाहीत, पण जेवतात).

तुम्ही दिलेल्या रेडिओचा काटा शॉर्टवेव्हवर पहिल्यापासून खोटं बोलायचा. स्टेशन एका आकड्यावर, काटा भलत्याच. दिवसभर दुकानदारांची वजनं तपासणाऱ्या माणसाने घरात असला काटा किती खपवून घ्यावा? रविवारी मागचं झाकण उघडलं. काम सोपं असतं: फ्रिक्वेन्सी पक्की ठाऊक असलेली स्टेशनं धरायची, पट्टीच्या खालच्या टोकाला कॉइलमधला स्क्रू फिरवायचा, वरच्या टोकाला ट्रिमर नावाचा दुसरा छोटा स्क्रू. अडचण एवढीच, की खालचं जुळलं की वरचं बिघडतं आणि वरच्याची समजूत काढावी तर खालचं रुसतं (घरच्या लग्नांत तुम्ही हे पुष्कळ केलंय). शिवाय लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की स्टेशनच सरकतं, म्हणून तुमच्या भाचेसूनबाईंची विणायची प्लास्टिकची सुई घासून चपटी केली. तिच्यावर अर्धा स्वेटर होता. मी तो अलगद काढला, तरी उसवला. तुमच्यासाठीच होता.

संध्याकाळी काटा सरळमार्गी झाला आणि अण्णा आले. त्यांना हल्ली आकडे दिसत नाहीत. तुम्ही काचेवर लाल ठिपका दिला होता, तिथे काटा नेला की कुठल्याशा दूरदेशीची बाई बातम्या वाचायची. भाषा कळत नाही, पण आई गेल्यापासून घरात शांतपणे बोलणारी ती एकटीच (हे त्यांचं मत). आता ठिपक्यावर नुसती खरखर. मी बोटभर उजवीकडे काटा नेऊन बाई ऐकवली. अण्णांनी नीट ऐकलं, "ही ती नव्हे" म्हणाले आणि काटा परत ठिपक्यावर. ठिपकाच सरकवू का म्हटलं, तर "मेहुण्याने लावलाय, हात लावून बघ!"

तेव्हापासून ते रोज खरखरीसमोर बसतात. मोजमापाच्या दृष्टीने मी बरोबर आहे.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता.क. येत्या रविवारी याल का? ठिपक्यावर काटा ठेवून बाई येईपर्यंत स्क्रू फिरवायचा, बस. पण खोटा काटा माझ्या हातून व्हायचा नाही, नोकरीचा प्रश्न आहे. तुमचं तसं काही नाही. येताना विणायची सुई आणा.

पुन्हा ता.क. पत्र कुणाला, असं अण्णांनी आत्ता विचारलं. आपण होऊन बोलले. तुम्हाला म्हटल्यावर म्हणाले, "त्याला कळव, तिचा घसा अजून बसलेलाच आहे." रविवारची वाट बघू नका, उद्याच या.