तालमीवरची खोली आणि सहा फळ्यांचा नकाशा

२ नोव्हेंबर, रविवार
क्लासवाल्या सरांनी आज सांगून टाकलं. खोली रिकामी करा, पंधरा दिवसांत. नवी बॅच बसवायचीय. ऐन डावात दारात उभं राहून सांगितलं. त्यांचं चूक नाही, दोन वर्षं दर रविवारी फुकट बसलोय. पण नेमकं आत्ताच?

अक्षय १ डिसेंबरला कोईमतूरला निघणार. तिकडं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान, दिवाळीला म्हणून आलाय. एकदा गेला की थेट उन्हाळ्यात. म्हणजे शेवटचा डाव तीस तारखेच्या रविवारीच. सकाळी दहाला बसायचं ते खेळातलं धरण पडेपर्यंत, नाहीतर आम्ही पडेपर्यंत. दोन वर्षं सुहास गोष्ट सांगतोय आणि आम्ही तिघं, मी, अक्षय आणि हवालदार दादा, त्यातली माणसं होऊन फासे टाकतोय. त्याचा शेवट वहीवर नाही करता येत. मी केलेला लगद्याचा नकाशा पुरा मांडलेला पाहिजे, सहाच्या सहा फळ्या. सहा फूट बाय चार, आणि चारी बाजूंनी फिरायला जागा.

विट्यात एवढी जागा नाही होय!

५ नोव्हेंबर, बुधवार
ऑफिस सुटल्यावर वाचनालय. तिथल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, मग म्हणाले, "फासं म्हंजे जुगारच की वं."
पैसे लावत नाही म्हटलं. "मग खेळता कशाला?"
काय सांगायचं.
मंगल कार्यालय: मुहूर्त आहे, जेवणाचा हॉलसुद्धा मोकळा नाही. देवळाचा सभामंडप आईनेच मोडीत काढला. "देवाम्होरं फासं टाकू नगंस."

९ नोव्हेंबर, रविवार
सुहासचा फोन. जागा मिळाली! तालमीवरची खोली. पूर्वी बाहेरगावचे पैलवान राहायचे, आता रिकामी असते. दिवसभर कुणी हटकणार नाही.
मी म्हटलं उद्या जाऊन माप घेते. "कशाला हेलपाटा, मी पाठवतो माप."
आलेखाच्या कागदावर मांडणी काढली. दादांचा गुडघा वाकत नाही, त्यांना खुर्ची, ती घाटाच्या बाजूला. सुहासचा पडदा, त्याचे कागद आम्हाला दिसू नयेत म्हणून असतो तो, धरणामागे. दिवा डावीकडून, नाहीतर डोंगराची सावली नदीवर पडते आणि चौकोन दिसत नाहीत. लय दिवसांनी मजा आली.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सु.चं माप आलं. "लांबी वीस-बावीस, रुंदी बऱ्यापैकी, दार नेहमीसारखं."
बऱ्यापैकी! मी घरांचे प्लॅन काढून पोट भरते आणि मला हा बऱ्यापैकी पाठवतो. परवा स्वतःच जाणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बोटाला चिंधी बांधून लिहितेय.

तालमीच्या दारात वस्ताद बसलेले. आदबीनं बोलले, ते खरं. "ताई, हितनं फुडं बाया येत न्हाईत."
म्हटलं, तालमीत नाही, वरच्या खोलीत जायचंय.
"जिना आतनंच हाय. सुहासला मी पयल्याच दिवशी सांगितलं. त्यो म्हणला, समदी पोरंच हायत."

समदी पोरंच हायत.

मी टेप काढून हातात धरलेला. सोडला तो सटकन आत गेला, बोट कापलं. वस्तादांनी पाणी आणून दिलं, हळद आणू का म्हणाले. त्या माणसावर मला रागसुद्धा धरता येईना. त्याचा नियम त्यानं तोंडावर सांगितला. माझा माणूस मात्र चार दिवस मला बऱ्यापैकी रुंदी पाठवतोय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
जेवणाच्या सुट्टीत सु.ला फोन लावला.
"अगं, मी सांगणारच होतो."
"कवा? तीस तारखेला?"
मग सुरू झाला. दुसरी जागा मिळेना, अक्षय जाणार, दोन वर्षं झाली, एवढ्यासाठी शेवट नासवायचा का. एवढ्यासाठी! "तू व्हिडिओ कॉलवर ये ना. फोन उभा करून ठेवतो नकाशासमोर. तुझे फासे अक्षय टाकील."
"आणि नकाशा?"
"तो आम्ही मांडतो की नीट. तू फक्त कसा मांडायचा ते लिहून दे."

फोन ठेवला. लिहून दे म्हणे. वर्षभर वर्तमानपत्रांचा लगदा कालवला मी. भुसा रंगवून वाळवला, आईच्या शिव्या खात. सात गावं बसवली. खेळात जे होईल ते नकाशावर कायम राहील, हा नियमही माझाच. जळलेली वस्ती जळलेलीच राहते, बुजलेली विहीर बुजलेलीच. दोन वर्षांत आम्ही काय केलं ते फक्त त्या फळ्यांवर आहे. आणि ते सगळं उचलून मला न येता येईल अशा ठिकाणी नेऊन ठेवायचं, आणि मी घरात बसून फोनमधे बघायचं.

ग्रुपवर लिहिलं, सगळं, वस्तादांच्या वाक्यासकट. अक्षयचं उत्तर: "एका दिवसाचा तर प्रश्न हाय गड्यांनो, भांडू नका."
गड्यांनो!
दादांचं काही नाही. संध्याकाळी कडेगावहून त्यांचा फोन आला.
"सुहासचं चुकलंच. सरळ चुकलं."
"मग ग्रुपवर लिवा की दादा."
"बघतो."
एकोणीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. बघतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार
लिहिलं नाही त्यांनी. दिवसभर बघत होते. सुहासपेक्षा ह्यांचाच राग जास्त येतोय. त्याच्याकडून अपेक्षा तरी काय होती म्हणा. होती. जाऊ दे.

१६ नोव्हेंबर, रविवार
शेजारच्यांचा छोटा टेम्पो सांगितला आणि क्लासवर गेले. माझ्या फळ्या, मी नेणार. सरांनी कुलूप काढलं. चारच.
"दोन सुहास घिऊन गेला की सकाळी. तुमाला म्हाईत असंल म्हणलं."
घाटाची आणि धरणाची. बरोबर त्याच, शेवटच्या डावाला ज्या लागतात त्याच. विचार करून नेल्यात.

म्हणजे तो आठ वाजता उठून, माझ्या आधी जाऊन... चोरी म्हणू? दुसरा शब्द सापडेना.
चार फळ्या माडीवर आईच्या पलंगाखाली. आई म्हणाली, "पोरांबरबर खेळायला गेल्यावर असंच हुनार." तिच्यावरही ओरडले. तिच्यावर नको होतं ओरडायला.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आज जे कळलं ते नीट लिहून ठेवते.

डोक्यात आलं, विट्यात निम्मे बंगले बंद आहेत. माणसं दुकानं घेऊन देशभर पांगलेली. अक्षयच्या चुलत्यांचाही बंगला तसाच, ते सगळे मदुराईला. किल्ली अक्षयच्या आईकडे असते. तडक अक्षयच्या घरी गेले. अक्षय कराडला गेलेला, काकी, त्याची आई, एकट्याच शेंगा फोडत बसलेल्या. एका दिवसापुरता बंगला द्याल का म्हटलं. मनाची तयारी करून गेले होते. तरणी पोरगी, तीन बाप्ये, बंद घर. काय काय ऐकावं लागेल.

काकी माझ्याकडं बघतच राहिल्या. "आगं, किल्ली तर मी अक्षयला कवाच देत हुते. क्लासची खोली गेली तवाच. म्हणलं आपलं एवढं घर पडलंय, तितंच बसा. त्योच म्हणला, नगं आई, संगं पोरगी हाय, शेजारी बोलतील, तुला तरास."
"तुम्ही नको म्हणाला नव्हतात?"
"मी कशाला म्हणू? शेजारी मलाच बोलणार न्हवं? बोलू द्यात. आवंदा बोलले न्हाईत तर फुडल्या साली बोलतील."

हसायला आलं आणि डोळ्यात पाणीही. म्हणजे जागा पहिल्यापासून होती! मी वाचनालयात जुगारी ठरत होते तेव्हाही होती. अक्षयला माहीत. त्यानं सुहासला सांगितलं असणार, आणि दोघांनी मिळून ठरवलं असणार की मला त्रास नको. कुणाचा त्रास? एकानं तरी विचारायचं.

काकींनी खिळ्यावरची किल्ली काढून दिली. "झाडून घी तेवढं. पानी न्हाई टाकीत."

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळपासून बंगल्यात. मीटर चालू आहे पण दिवे तीनच लागतात. हॉल सोळा बाय बारा, दार साडेतीन फूट. (हे असं माप असतं, सुहास.) जेवणाची दोन टेबलं जोडली, उंचीत बोटभर फरक, खाली पुठ्ठा घातला. दहानंतर पूर्वेच्या खिडकीतनं ऊन येतं आणि गजांच्या सावल्या बरोबर गावांवर पडतात. पडदा लागेल. आईचं जुनं लुगडं चालेल.

चार फळ्या मांडल्या. वरच्या कडेला दोन चौकोन मोकळे. नदी येते आणि टेबलावर संपते. बघवेना.

काकी पाण्याची घागर घेऊन आल्या त्या थांबल्याच. वाकून वाकून बघत होत्या.
"ही गावं कुटली?"
"खोटी हायत काकी."
"मग ही वस्ती जळली कशानं?"
"अक्षयनं जाळली."
"आमच्या?" लय वेळ हसल्या. "घरात गॅस पेटवाय येत न्हाई त्येला."
मग विचारलं, का जाळली. सांगितलं, शत्रू येणार म्हणून, धान्य त्यांच्या हाती लागू नये म्हणून. "आन् मानसं?" म्हटलं, माणसं मी रातोरात नदीपलीकडं नेली. चार फासे बरोबर पडले म्हणून निभावलं. काकींनी फासे हातात घेऊन बघितले.

दुपारी ग्रुपवर टाकलं: रविवार ३०, सकाळी १०, अक्षयच्या चुलत्यांचा बंगला. घाट आणि धरण आणा. मी फोनमधे येणार नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सु.: "तालमीत सगळं ठरलंय. आता बदललं तर वस्तादांना काय सांगू?"
मी: "खरं सांग. एकदा तरी."
अक्षय: काही नाही. त्याच्या आईनं घरात काय ते सुनावलं असणार.
दादा: काही नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
कुणी आलं नाही तर? हा विचार दोन दिवस डोक्यात आहे. राग आहे तोवर बरं असतं, तो जरा उतरला की हे सुरू होतं. दोन वर्षांत माझ्या रविवारात दुसरं काही उरलेलंच नाही. ह्या तिघांशिवाय मी कुणाशी एवढं हसत नाही, हे त्यांना माहीत आहे. म्हणूनच गृहीत धरलं. ही कुठं जाणार.

दोन नवे प्लाय कापून आणलेत. धरण नव्यानं करता येईल. पण त्यावरच्या खुणा कुठनं आणू?
नाही आले तर नाही आले. मांडून ठेवणार.

३० नोव्हेंबर, रविवार
चहा उकळतोय तोवर स्वयंपाकघरात बसून लिहितेय.

साडेनऊला दादा. कडेगावहून, उसाच्या ट्रॅक्टरांमधनं वाट काढत, स्कूटरला मागं घाटाची फळी दोरीनं करकचून बांधलेली. एक कोपरा घासलाय. "वस्तादला इचारून आनली. दुसरी सुहासच्या घरी हाय." फळी ठेवली आणि तिथंच उभे राहिले. "ग्रुपवर लिवाय पायजे हुतं म्या."
"व्हय. पायजे हुतं."
त्यांनी 'पण' म्हटलं नाही. खुर्चीत बसले.

अक्षय दहाला, आईच्या मागं मागं. माझ्याकडं न बघता खराटा घेतला आणि झाडलेलं अंगण परत झाडलं. म्हटलं, "शेजारी काय बोलले?" "काय न्हाई." कान लाल झालेले. झाडू दे.

सव्वाअकराला सुहासची गाडी गेटबाहेर थांबली. मागं चादरीत गुंडाळलेलं धरण. हेल्मेट काढलं नाही, उतरला नाही. आता वीस मिनिटं झाली. मगाशी मेसेज आला:
"तुला बाहेर ठेवायचं मनात नव्हतं गं. शेवट चांगला व्हावा एवढंच होतं. येऊ का?"

दादा म्हणाले, हाक मारू का? नको म्हटलं.

मनात नव्हतं. तेच तर! मीच नव्हते मनात. अक्षय होता, त्याची कोईमतूरची गाडी होती, वस्ताद होते, शेवट होता. हे त्याला कळलंय का नुसताच उन्हात उभा आहे? कळल्याशिवाय ये म्हटलं तर पुढच्या वेळी परत. आणि नको म्हटलं तर पुढची वेळच...

काकी विचारतायत, दार लावू का, माश्या येत्यात. म्हटलं, राहू दे जरा.