ओळंब्यासमोर

रत्नागिरी, शुक्रवार, मे १९८३

आईने शब्बाथचा दिवा लावला की आम्हा यहुद्यांत उद्या संध्याकाळपर्यंत लिहायचं नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

नव्या खोलीची भिंत झुकली आहे. गवंड्याने दोरीला वजन टांगलेला ओळंबा लावून दाखवलं, "रविवारी पाडायला लागंल" म्हणाला आणि ओळंबा तिथेच विसरून गेला.

आबांना विचारलं, "शास्त्रातल्या संदेष्ट्याला देव ओळंबा घेऊन दिसला, तो ओळंबा आपल्याच लोकांना का लावला? बाकीचे सरळ होते?"

"दुसऱ्याच्या भिंतीला कोण ओळंबा लावतं, बाय? आपण बांधलेली असते, तिलाच लावतात."

ही माया, की धाक?

वाऱ्याने माड वाकतायत. भिंतीच्या आडोशाला ओळंबा मात्र हलत नाही. दिव्याआधी काढून ठेवू म्हणून मघाशी गेले. हात पुढे होईना. पाहते तर मी त्याच्यासमोर ताठ उभी होते.