एक्सटी नको, २८६ घ्या

अहो,

मी आत्ता हुडकेश्वरले बहिणीकडे जाऊन राहिली. संध्याकाळपर्यंत येते. वरण-भात झाकून ठेवला आहे.

अकरा वाजता कॉम्प्युटरवाला आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये येईल. त्याच्यापाशी दोन मशीनी आहेत, एक साधी एक्सटी आणि एक २८६. २८६चा आतला प्रोसेसर खूप तेज आहे, असं तो म्हणते. पोरापोरींले टायपिंग शिकवाले एक्सटी पुरते, हे तुमचं खरं आहे. तरी २८६च घ्या.

काहून, ते तोंडानं सांगता येत नाही. धम्मपाल पुण्याले गेला त्या दिवशी तुम्ही म्हटलं होतं, या घरात त्याचं नाव काढायचं नाही. दोन वर्षं मी काढलं नाही. म्हणून लिहून राहिली. आपला पोरगा तिथं २८६वर काम करते. तशी मशीन नागपुरात असती तर तिथंच राहिलो असतो, असं त्यानं पत्रात लिहिलं आहे. एक्सटीपाशी तो पाच मिनिटं टिकणार नाही. त्याले तर भात शिजेपर्यंतही धीर नसे.

तुम्ही चिडाल, मले माहीत आहे. पण टाइपरायटरले नवी रिबन लावली की तुम्ही नेहमी ए-एस-डी-एफ मारून पाहता. काल झाडताना कचऱ्याच्या टोपलीत तुमचा तसा कागद सापडला. चार ओळी होत्या, आणि चारही ओळींत नुसतं धम्मपाल, धम्मपाल.

तो कागद मी जाताना पोस्टात टाकून राहिली. पुण्याच्या पत्त्यावर.

धम्मपालची आई