सर्वानुमते

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा रांगत होता. आता तो परदेशात आहे आणि तिथले लोक त्याला परत जा म्हणतात. मागच्या महिन्यात त्याच्या शहरात झेंडे घेऊन मोठा मोर्चा निघाला, आमचा देश आमच्यासाठी ठेवा म्हणत. त्या दिवशी त्याने सुनेला दूध आणायलासुद्धा खाली जाऊ दिलं नाही. माझ्याशी व्हिडिओवर बोलताना तो पडदे ओढून बसला होता. सातवीत शाळा सुटली तरी वाचणं मी सोडलं नाही. आधी तुम्ही आणलेले शिळे पेपर, आणि तुमचे जावई गेल्यापासून वाचनालयातले. कुठल्या देशात कोण कोणाला बाहेर काढतंय ते रोज वाचते. पण त्या ओढलेल्या पडद्यांपुढे माझा मुलगा पाहिला आणि ते सगळं वाचलेलं माझ्याच घरात आलं.

तुमच्यावरचा माझा एक राग तुम्हाला कधी कळला नाही. बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये दसऱ्याला आम्हा घरच्यांना आत सोडायचे. लेथला झेंडूचा हार, जमिनीला तेलाचा वास, आणि मशीन ज्याच्या हातात असेल त्यानेच तिचा नारळ फोडायचा, हा तुमच्या खात्याचा रिवाज. तुमच्या शेजारच्या लेथवर एक मुसलमान कारागीर होते, मी त्यांना चाचा म्हणायचे. दर वर्षी ते एका घावात नारळ फोडायचे आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवायचे. शहरात दंगल झाली त्या वर्षी त्यांच्या मशीनचा नारळ दुसऱ्याच कोणी फोडला. चाचा दाराशी उभे होते. तुम्ही पूजेचं ताट धरून उभे होतात. सायकलवरून घरी येताना मी विचारलं, तर म्हणालात, "गप्प बस. आपण इथे बाहेरचे आहोत." मी बडोद्यातच जन्मले होते, बाबा.

आता मी बाहेरची नाही. आमच्या सोसायटीत माझ्या खालचा फ्लॅट एक मुसलमान नर्स विकत घेणार होती. बघायला आली तेव्हा माझ्याकडे पाणी प्यायली, स्वयंपाकघरात ऊन येतं का, नळ किती वाजता येतो, असं विचारून गेली. आठवड्याभरात मीटिंग लागली. इतकी वर्षं जिन्यात आम्ही 'ते मराठी' होतो, त्या दिवशी सोसायटीच्या प्रमुखांनी मला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "मासी, तमे तो आपणां ज छो." मागून कोणी म्हणालं, मासीला काय समजवायचं, मराठे तर तलवारवाले. सगळे हसले. दिवाळीला माझ्या चकल्यांना नावं ठेवणारीही हसली. आपलं म्हणवून घ्यायला किती थोडं लागतं, तिसरं कोणी दाराशी उभं असलं की झालं. मग तिला फ्लॅट देऊ नये असं वाटणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला सांगितलं, मी उभी राहिले, हे बरोबर नाही म्हणाले. वाटलं, त्याला तरी कळेल. तो म्हणाला, "आई, तुला तिथे एकटीला राहायचंय. आपल्या लोकांशी कशाला वाकडं घेतेस?" मी मोर्चाची आठवण करून दिली. त्यावर म्हणतो, आमची गोष्ट वेगळी, आम्ही इथे काम करतो, टॅक्स भरतो. ती नर्स काय घरात बसून असते का, असं मी म्हटल्यावर त्याने फोन ठेवला. तेव्हापासून सून फोन करते, तो बोलत नाही.

हे पत्र कुठल्या पोस्टाच्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी उभी राहिले नव्हते. हात वर केला नाही एवढंच. तो पदराखाली मांडीवर ठेवून बसले होते. प्रमुखांनी हात मोजलेसुद्धा नाहीत. सर्वानुमते, म्हणाले, आणि चहा आला, तो मी प्यायले. मुलगा माझ्यावर रागावलाय, बाबा, मी न केलेल्या गोष्टीसाठी. आणि मी त्याला रागावू देते आहे.