दगडावरची तारीख

शनिवार, ३१ ऑक्टोबर १९७०

परवा मृतांचा दिवस, म्हणून आज चर्चमध्ये पापनिवेदनाला गेलो. नेहमीप्रमाणे पापं देवाच्या दहा आज्ञांच्या क्रमानं सांगितली, कोणतं किती वेळा तेही. शेवटी म्हणालो, "खोटं बोललो, एकदा."

"कोणाशी?" फादरनी विचारलं.

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग सगळं सांगितलं. मार्थाबाईच्या नवऱ्याच्या थडग्यावर मी मृत्यूची तारीख ११ ऐवजी १७ कोरली. तिच्या चिठ्ठीत ११ स्वच्छ लिहिलेलं. चिठ्ठी अजून माझ्या पेटीत आहे. तरी तिला म्हणालो, तूच सतरा लिहून दिली. दगडावर अक्षरं कोरायची कला मी कोणाकडून शिकलो नाही, स्वतः मिळवली. माझा आकडा चुकला हे गावाला कसं सांगणार?

"आता तुम्हाले सांगितलं ना, फादर."

"मला सांगून तिचं काय सुटलं? तिला सांगा."

तसाच तिच्या घरी गेलो. चिठ्ठीत ११ होतं, चूक माझी, असं दारातच बोलून टाकलं. ती रागावली नाही. खाली बसली.

"म्हंजे मी इसरली नव्हती?"

"नाही वं."

"दोन वर्षं झाले गा दादा, मले वाटून राहिलं माह्यं डोकं गेलं. मालक कोणत्या दिवशी गेला हे जिले आठवत नाही, तिचा कायचा भरोसा? म्हणून नातीलेही एकटी सांभाळत नाही मी."

कोरलेल्या साताचा एक होत नाही. नवा दगड बसवून देईन. तेवढंच मला येतं.