सामोवार आता आवाज करत नाही

कारागांडा,
९ फेब्रुवारी, रविवार

लाडक्या सेरझान,

तुझ्या अपाकडून, थोरल्या बहिणीकडून, तुझ्या दोन्ही गालांना मुके. तुझी तब्येत बरी असेल, दात जागेवर असतील आणि बराकीत कुणाशी जुंपली नसेल, असं धरून चालते. हे पत्र तुझ्याआधी उघडून वाचणाऱ्या साहेबांनाही नमस्कार, त्यांच्या घरीही सगळे सुखात असोत. अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्या हाताला पत्रा लागला.

इकडे उणे अठ्ठावीस आहे. समोरची एमा कार्लोव्हना अजूनही अख्खी इमारत हादरेल अशी शिंकते आणि तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणते आहे. दोन्ही मोजे एकाच मापाचे होतील अशी आशा धरू नकोस.

आता तुझ्या सामोवारची बातमी. तू मामाकडे माझ्याआधी त्याचीच चौकशी केलीस म्हणे, लबाडा! तू जोडून दिलेला हा कॉम्प्युटर तू गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात खरोखर चहाच्या सामोवारासारखा उकळायला लागला. लग्नाचा व्हिडिओ कापायला बसलं की प्रोसेसर पंच्याण्णव अंशांवर जायचा, चारही पंखे केकाटायचे आणि नवरी गाडीतून उतरते न उतरते तोच स्क्रीन काळा. लोक विचारायचे, आमच्या आजोबांचा नाच कुठे गेला? काय सांगणार, जळाला म्हणून?

शेवटी मी ग्राइंडर हातात घेतला. कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उभी चिरली. ठिणग्यांनी पडद्याला भोकं पडली. तुझ्या गॅरेजमधून जुन्या झिगुली गाडीच्या हीटरचा तांब्याचा रेडिएटर काढून आणला, मासे पाळायच्या पेटीतला पंप लावला, नळ्या जोडल्या आणि आत गाडीत घालतात ते निळं तोसोल भरलं. नळ्यांच्या तोंडाशी आवळायच्या पट्ट्यांतली एक कमी पडली, म्हणून ती एक नळी नुसतीच दाबून बसवली. उद्या आणू, उद्या आणू करत ती राहूनच गेली. तू असतास तर घर डोक्यावर घेतलं असतंस.

हिवाळा आल्यावर मी आणखी अक्कल पाजळली. फुकटची थंडी आहे म्हणून रेडिएटर बाल्कनीत टांगला. तोसोल एवढं गार झालं की आत बोर्डाला घाम फुटला, सगळीकडे पाण्याचे थेंब. मरता मरता वाचला बिचारा. मग रेडिएटर आत आणला आणि खिडकीच्या दोन तावदानांच्या मधल्या जागेत बोल्टांनी घट्ट बसवला. तिथे मामाने दिलेली घोड्याच्या मांसाची काझी थंडीत राहावी म्हणून टांगली होती, ते साफ विसरले. अख्खं सॉसेज उबेला बसलं. एमा कार्लोव्हना दारातूनच नाक धरून म्हणाली, "तोरगिन, कुणी मेलं असेल तर सांग बाई, लपवू नकोस."

पण आता कितीही काम लादलं तरी चोपन्न अंश. आणि आवाज नाही. तीन पंखे गेले, एकच हळू फिरणारा उरला. खोलीत घड्याळ ऐकू येतं. जिन्यात कोण खोकतंय तेही ओळखू येतं. या एका गोष्टीसाठी मी त्या झिगुलीचे हात जोडून आभार मानते.

मामा तुला भेटून आला आणि माझ्याकडे चहाला बसला. मग म्हणाला, "पोरगं म्हणतंय, एप्रिलमध्ये सुटलो की आधी झोमार्तकडे, मग घरी." मी म्हटलं, "आमच्या बापाचंही डोकं असंच होतं." मामा म्हणाला, "म्हणूनच तर तुझ्या आईचं आयुष्य रडण्यात गेलं."

सेरझान, मला तुझी शपथ आठवत नाही असं समजू नकोस. माझ्या नवऱ्याचा, झोमार्तचा, जबडा मोडलास म्हणून तुला आत टाकलं. निकालाच्या सकाळी तू पाव हातात धरून म्हणालास, "ज्या उजव्या हाताने त्याने माझ्या अपाला मारलं तो हात शाबूत राहिला, याचंच मला वाईट वाटतं. तो मोडल्याशिवाय मी सोडणार नाही." मग एक घास तोडलास आणि निघालास. उरलेला पाव मी कपाटावर ठेवला, रिवाजाप्रमाणे, परत येऊन तूच संपवायचा म्हणून. तो आता विटेसारखा झाला आहे. मी त्यावरची धूळ पुसते.

तू आत बसून जे बोललास ते तुझ्याआधी बाहेर आलं. तिथल्या कुणाच्या भावाने कुणाला सांगितलं, त्याने झोमार्तला. आणि एप्रिलची वाट बघत बसेल इतका तो मूर्ख नाही.

पत्रा लागला हे खोटं आहे.

मंगळवारची दुपार. एका लग्नाचं काम करत बसले होते. पडद्यावर नवरीकडच्या बायका चॉकलेटं उधळत होत्या. आवाज बंद होता. जिन्यात पावलं वाजली आणि ती मी लगेच ओळखली, कारण उजवा पाय जरा फरफटत टाकणारा माणूस मला एकच माहीत आहे. मग कुलुपात पहार घुसल्याचा आवाज. तुला सांगते, तू गेल्यावरही तो एकदा आला होता, तेव्हा चार पंख्यांच्या केकाटण्यात मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो आत आला हे कळलं ते केस त्याच्या मुठीत गेल्यावर. या वेळी मला उठायला वेळ मिळाला. बोल्ट आवळायचा तुझा मोठा पाना टेबलावरच होता.

दार उघडलं तशी मी पाना हाणला. डोक्यावर नेम होता, खांद्यावर बसला. त्याने माझा हात दारात धरून दार लोटलं. दोन बोटं मोडल्याचा आवाज मीच ऐकला. पाना खाली पडला.

"तुझ्या भावाला लिहायचं," तो म्हणाला, "की तूच खोटं बोललीस. मी तुला कधी हात लावला नाही. आणि आज माझ्याबरोबर घरी चलायचं. बायको माझ्या घरात असली की तो काय करतो बघू."

मी म्हटलं, "तू घाबरलायस."

मग त्याने मारलं, नेहमीसारखं. तोंडावर, पोटात. मी पलंगाच्या कडेला जाऊन आदळले. त्याला वाटलं मी संपले. तो सामोवारकडे वळला. "आधी हा खाली फेकतो, मग तुला." डबा छातीशी उचलून बाल्कनीकडे ओढायला लागला. पण रेडिएटर खिडकीला बोल्टांनी जखडलेला, नळ्या ताणल्या गेल्या, आणि पट्टी नसलेली ती नळी सुटली. गरम निळं तोसोल थेट त्याच्या डोळ्यांत. डबा पडला, तो किंचाळला, आंधळ्यासारखा फिरला, सांडलेल्या तोसोलवर घसरला आणि उजव्या हातावर आपटला. पंजा जमिनीवर पसरलेला. समोर. जणू मांडून ठेवलेला.

मी डाव्या हाताने पाना उचलला.

पहिला घाव मी माझ्यासाठी घातला. दुसरा तुझ्या पावासाठी. हाड मोडलं, माझी बोटं मोडली होती त्याहून मोठ्याने. मला बरं वाटलं, सेरझान. खोटं कशाला बोलू? इतकं बरं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. म्हणून तिसरा उगारला, आणि तो हातावर घालायचा नव्हता. त्याचं डोकं मी नीट बघून ठेवलं होतं.

एमा कार्लोव्हनाने मागून मिठी मारली. ऐंशीची म्हातारी, पण लोखंडासारखी घट्ट धरून राहिली. "बस, पोरी, बस. एक पोरगं आत आहे, तू पण जाणार का? मोजे कुणाकुणाला विणू?" पाना माझ्या हातातून कधी गळला, कळलं नाही. नंतर मी न्हाणीघरात जाऊन ओकले, आणि फरशीवर बसून आईच्या नावाने ओरडून रडले.

पोलिसांना मीच बोलावलं. सगळं सांगितलं, पहिला घाव, दुसरा घाव, तिसरा उगारलेला. हे पत्र वाचणारे साहेब तपासू शकतात. झोमार्तने मात्र दवाखान्यात सांगितलं की तो बर्फावर घसरला. पोलीस अधिकाऱ्याने फुटलेलं कुलूप बघितलं, पहार बघितली, माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "यंदा बर्फ फारच वाईट आहे." पोरगा असावा तुझ्याच वयाचा. आता झोमार्तला त्याच्या बहिणीने बाल्खाशला नेलं आहे. त्या हाताची मूठ वळणार नाही म्हणतात.

सामोवारचं ग्राफिक्स कार्ड गेलं. बोर्ड मी स्पिरिटने धुतला, खोली गरम करणाऱ्या नळाशी वाळवला, आणि तो चालू झाला. नवी नळी घातली. या वेळी सगळ्या पट्ट्या आवळल्या आहेत.

तू चिडशील, मला माहीत आहे. म्हणशील, शपथ माझी होती, अपा, तू मध्ये का आलीस? अरे गाढवा, मार माझ्या अंगावर पडला होता, तुझ्या नाही. तुझ्या जिभेची किंमत माझ्या दोन बोटांनी मोजली. शपथ हाताची होती. तो हात मोडला आहे. असाच पाव भाजून ज्या आईने आपल्या दोघांना वाढवलं, तिच्याच पोरीने मोडला आहे. बाल्खाशला तुझं आता काहीही काम उरलेलं नाही. तिथे गेलास तर उरलं असेल ते फक्त त्याचं डोकं, आणि डोक्यापाशी थांबवायला तुझ्याजवळ एमा कार्लोव्हना नसेल.

मला तुझी भीती वाटते. त्याची आता नाही वाटत, तुझी वाटते. मी एकदा तुला नेताना बघितलं आहे, दुसऱ्यांदा बघणार नाही.

तुझा पाव कपाटावरच आहे. चहात बुडवला तर अजून खाता येईल. एप्रिलमध्ये स्टेशनवरून सरळ इकडे ये, वाटेत कुठेही थांबू नकोस, आणि पहिला घास तूच घे. कुलूप नवं आहे, किल्ली तुझ्याजवळ नाही. जिन्यात तुझी पावलं वाजली की मीच दार उघडेन.

मला आता सगळं ऐकू येतं.

तुझी,
डाव्या हाताची,
अपा तोरगिन